रूमीचा डबा

नववीला जगातल्या संस्कृतींचा पाठ शिकवून मी वर्गाबाहेर पडले. मुलींनी दूरदेशीचे सण घडाघडा सांगितले होते. मधल्या सुट्टीत पाहिलं, तर आसामहून आलेली रूमी जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून एकटीच जेवत होती.

"मुलींत का नाही बसलीस गं?"

"बाई, त्यांना माझ्या सुक्या मासळीचा वास येतो."

नकाशावरचं जग किती सहज आवडतं! मी तिच्याशेजारी डबा उघडला. सुकट माझ्याही घरी होते, पण इतर शिक्षक नाकं मुरडतील म्हणून इतक्या वर्षांत मी ती शाळेत कधीच आणली नाही.

रूमीनं माझ्या डब्यात डोकावून पाहिलं.

"उद्यापासून मीपण बटाट्याचीच भाजी आणीन, बाई."

मी "बरं" म्हणाले.