मिस्त्री वर्गाला जाऊ लागले

बस डेपोतले मिस्त्री नाकासमोर चालणारे गृहस्थ. इंजिन कुठे कुरकुरतंय ते त्यांना लांबून कळायचं, पण माणसं का कुरकुरतात याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. डेपोतून यायचं, वंगणाचे हात घासून धुवायचे आणि वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन खुर्चीत बसायचं. बाकी सगळा संसार बायको पाहायची. तीही कामाला होती, मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात. वाफेत उभं राहून चादरी इस्त्रीच्या रोलरखालून काढायच्या, घड्या घालायच्या आणि ढकलगाडीवर रचायच्या.

लेक शाळेत होती तेव्हा धुलाईखात्यात संप झाला. वाफेच्या खोलीला खिडक्या हव्यात, एवढंच बायकांचं मागणं होतं. संप फसला. बायका खाली मानेनं कामावर परतल्या आणि खिडक्यांचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. त्या आठवड्यात बायको मिस्त्रींना म्हणाली, "अहो, आपलं म्हणणं खरं होतं ना? मग आपण हरलो कसे?"

"मोठ्यांपुढे कुणाचं चालतं?" मिस्त्री कोड्यातून डोकं वर न काढता म्हणाले.

तिला ते उत्तर पुरलं नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून ती बाजारामागच्या अभ्यासवर्गाला गेली. एका जुन्या छापखान्याच्या माडीवर दर शनिवारी संध्याकाळी हा वर्ग भरायचा. चालवणारे गृहस्थ छापखान्यातच मुद्रितं तपासून निवृत्त झालेले, त्यांना सगळे मास्तर म्हणत. वर्गाला शिंपी यायचा, केस कापणारा यायचा, दोन-तीन परिचारिका, एक टपालवाला. शुल्क नाही, परीक्षा नाही. कामाचे तास कोणी आणि कसे ठरवले, कुठली बंडं चिरडली गेली आणि का, उपाशी माणसाला स्वतंत्र म्हणता येईल का, असलं काहीबाही तिथे चालायचं. मास्तर थोडं वाचून दाखवायचे आणि मग सगळे भांडल्यासारखे बोलायचे.

मिस्त्रींना वाटलं, चार दिवसांचं वेड आहे, उतरेल. ते उतरलं नाही. शनिवारी ती स्वयंपाक झाकून ठेवून निघाली की ते दारातून विचारायचे, "सरकार पाडून केव्हा येणार? जेवण गरम करून ठेवू का?"

तीही हसायची. "चला की एकदा तुम्ही. मागच्या बाकावर बसा, कोणी काही विचारणार नाही."

"मला इंजिनाशी बोलायची सवय. ते उलटून विचारत नाही."

परत आली की तिचा चेहरा उजळलेला असायचा. जेवताना ती काय काय सांगायची आणि मिस्त्री आडवे-उभे शब्द जुळवत "हं, हं" करायचे. पुढे पुढे तिचं सांगणं कमी झालं. "चला की" म्हणणंही कधीतरी थांबलं. मिस्त्रींना वाईट वाटलं नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं.

मास्तरांची नजर अधू झाली तेव्हा वर्ग तिच्याकडे आला. धुलाईखात्यातली बाई इतिहास शिकवते म्हणून शेजारपाजारच्यांनी नाकं मुरडली. पण ती शिकवायची नाहीच म्हणे. नुसती विचारत जायची. एकानं काही ठाम सांगितलं की ती म्हणायची, "बरं, आणि हे कुणाच्या सोयीचं आहे?" की झालं, मग तासभर कुणी कुणाचं ऐकायचं नाही. मिस्त्रींना हे सगळं फार नंतर, दुसऱ्यांच्या तोंडून कळलं.

मिस्त्रींपाठोपाठ तीही निवृत्त झाल्यावर वर्षाच्या आतच, एका सकाळी, तिच्या हातातून पातेलं पडलं. ती खाली पडलेल्या पातेल्याकडे बघत उभी राहिली, आणि मग भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उजवं अंग गेलं. आणि शब्द गेले. डॉक्टर म्हणाले, "यांना समजतं सगळं. बोलायला जातात तेव्हा शब्द सापडत नाहीत." एकच शब्द तेवढा राहिला होता, तिकडे. पाणी हवं असलं तरी तिकडे, उशी टोचली तरी तिकडे, राग आला तरी तिकडे. मिस्त्री खिडकी उघडायचे, लावायचे, पाणी आणायचे, आणि ती मान हलवत राहायची. लेक लांबच्या शहरात दिलेली. ती महिनाभर राहिली, रडून रडून परत गेली. तिच्याही घरी लहान मुलं होती.

एका शनिवारी संध्याकाळी बायको दाराकडे बघून तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागली. मिस्त्रींच्या डोक्यात उशिरानं उजेड पडला. "वर्गाला?" त्यांनी विचारलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

पुढच्या शनिवारी शिंपी आणि टपालवाला आले आणि त्यांनी तिला खुर्चीसकट माडीवर नेलं. सगळ्यांना आनंद झाला. कुणीतरी सवयीनं विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतं?" ती पुढे झुकली. ओठ हलले, कपाळावर शिरा तटतटल्या, आणि बाहेर आलं ते "तिकडे, तिकडे." एक नवीन मुलगी, तिला बिचारीला काही माहीत नव्हतं, फिसकन हसली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. त्यानंतर खुर्ची न्यायला माणसं आली की ती डाव्या हातानं पलंगाची कड घट्ट धरून ठेवायची.

तेव्हा मिस्त्री म्हणाले, "मी जाऊन येऊ? काय बोलले ते तुला येऊन सांगेन."

तिनं त्यांच्याकडे इतका वेळ पाहिलं की त्यांनाच खाली बघावं लागलं.

शेजारच्या वहिनींना तिच्यापाशी बसवून मिस्त्री वर्गाला जाऊ लागले. मागच्या बाकावर बसायचे. पहिले काही शनिवार सगळं डोक्यावरून गेलं. घरी येऊन ते सांगायचे, "आज म्हणाले की, मालमत्ता म्हणजे… म्हणजे वस्तू नाही म्हणे. माणसामाणसांतलं काहीतरी आहे." पुढे गाडी अडायची. ती डाव्या हातानं गादीवर चापट मारायची, पुढे, पुढे. मिस्त्रींना पुढचं येत नसायचं. शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखं त्यांना वाटायचं.

मग ते नीट ऐकू लागले. तिला सांगायचं तर आधी आपल्याला कळायला हवं, म्हणून हात वर करून विचारू लागले. एकदा ते म्हणाले, "गिअरबॉक्समध्ये एक दात तुटला तर सगळी गाडी उभी राहते. पण त्या दाताला कुठे माहीत असतं ते? संपाचं तसंच का?" वर्ग हसला, आणि त्यावर बराच वेळ बोलला. ते घरी येऊन सांगितलं तेव्हा तिच्या तोंडाचा जो अर्धा भाग हलायचा तो हसला. मिस्त्रींना आपण एवढे खूश का झालो ते कळेना. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण शनिवारच्या जेवणाला एवढा वेळ त्यांना कधी लागला नव्हता. एक घास तिला भरवायचा, एक वाक्य सांगायचं.

ती पडल्यापासून वर्ग पुन्हा मास्तरच पाहत होते. थंडीच्या सुरुवातीला त्यांनी ठरवलं की गावातल्या फसलेल्या संपांवर बोलू. धुलाईखात्यातली एक म्हातारी मावशी त्यासाठी मुद्दाम आली होती. ती सांगू लागली, "सगळ्या जणी दुसऱ्याच दिवशी परत जायला निघालो होतो. मिस्त्रींची बायको चादरींच्या गाडीवर चढली आणि बोलली. तेवढ्यावर आम्ही आठवडा काढला. साहेबांनी ते लक्षात ठेवलं. हिला इस्त्रीवरून काढलं आणि तळघरात टाकलं, साथीच्या रोग्यांचे कपडे निवडायला. निवृत्त होईपर्यंत तिथेच होती. माफी लिहून दिलीस तर वर घेतो म्हणाले होते, तर नको म्हणाली."

मिस्त्री ऐकत राहिले. इतकी वर्षं ती रोज घरी आल्या आल्या आंघोळीला जायची. वाफेनं जीव नकोसा होत असेल असं ते समजायचे. तिच्या अंगाला औषधाचा वास यायचा तेव्हा ते खुर्ची जरा सरकवून घ्यायचे. वर्ग संपायची वाट न पाहता ते माडी उतरले.

घरी आल्यावर त्यांनी वहिनींना निरोप दिला आणि पलंगावर तिच्याजवळ बसले.

"तळघराचं मला का नाही सांगितलंस?"

ती एकदम स्थिर झाली. मग बोलायला गेली. ओठ आवळले, उघडले. तिला खूप काही सांगायचं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "तिकडे," ती म्हणाली. आणि चिडून पुन्हा, "तिकडे."

"मी म्हणालो असतो, कशाला पुढे पुढे केलंस. म्हणून नाही सांगितलंस ना?"

तिनं मान हलवली नाही, होकाराची नाही की नकाराचीही नाही. डावा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि डोळे मिटले. मिस्त्रींनी पुढेही दोन-चारदा विचारलं. तेवढं एक उत्तर त्यांना मिळालं नाही ते नाहीच.

थंडी सरता सरता तिला दुसरा झटका आला आणि ती गेली. वर्गातली माणसं आली, खांदा दिला, मास्तर कुणाच्या तरी हाताला धरून शेवटपर्यंत उभे राहिले. पुढच्या शनिवारी मिस्त्री सवयीनं माडी चढले. वर्ग झाला. पण घरी परतताना ऐकलेलं सगळं मनात मांडून घेतलं आणि कुलूप उघडताना लक्षात आलं की हे आता सांगायचं कुणाला.

वर्गही फार टिकला नाही. छापखान्याची इमारत विकली गेली, मास्तरांना त्यांचा पुतण्या घेऊन गेला. शेवटच्या दिवशी लोकांनी मिस्त्रींना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले. म्हणाले, "मला एक विचारायचंय. ती इतकी वर्षं इथे आली, तिला इतकं समजलं. नंतर ते तिच्या आतच होतं, बाहेर येत नव्हतं. आता ते गेलं कुठे?"

मास्तरांनी चष्मा काढला. "मला माहीत नाही, मिस्त्री," ते म्हणाले. मग सगळ्यांनी मिळून बाकं भिंतीला लावली आणि खिडक्या ओढून घेतल्या.

घर खायला उठायला लागलं तेव्हा लेकीनं त्यांना आपल्याकडे नेलं. लेक चांगली आहे, जावई चांगले आहेत, नातवंडं अंगाखांद्यावर खेळतात. काही कमी नाही. पण शनिवारची संध्याकाळ झाली की मिस्त्री चपला घालून खाली उतरतात. एकदा त्यांनी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानदाराला विचारलं, "इथे जवळपास कुठे वर्ग भरतो का हो?"

"कसला वर्ग, आजोबा? व्यायामाचा?"

"नाही. बोलायचा."

"कुठली भाषा बोलायचा?"

दुकानदार भला माणूस, तो उत्तरासाठी थांबला होता. मग मागचं गिऱ्हाईक पुढे सरकलं, आणि मिस्त्री बाजूला झाले.