लवणाचा अतिरेक

बुलडाणा जिल्ह्यात माणसाला भूक कुठेही लागो, ती कुठे भागवायची हे आमचे साडू ठरवतात. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. चिखलीत त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि उरलेल्या वेळात, म्हणजे जवळजवळ दिवसभर, ते खानावळींविषयी मोबाइलवर लिहितात. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, ललित लेख लिहिले. ते कोणी वाचल्याचं ऐकिवात नाही. साडूंनी मात्र 'पातोडीचा रस्सा असा, का नाकातून पानी आलं पन हात थांबला नाई' एवढं लिहिलं, की संध्याकाळपर्यंत मेहकरहून लोक गाड्या काढतात. शुद्धलेखनाचं तर नावच नको!

हॉटेलात शिरले की खुर्चीकडे न जाता ते आधी हात धुवायच्या नळाशी जातात. "साबन वला असला तं समजाचं, मानसं येते," म्हणतात. ठेचा आधी हुंगतात, भाकरी कानाशी धरून मोडतात. एका लग्नात वरण इतकं आवडलं की आहेर हातात तसाच ठेवून ते आचाऱ्याला शोधत गेले. त्यांच्या मोबाइलमध्ये त्या लग्नाचा एकच फोटो आहे, आणि त्यात नवरदेव नाही, आचारी आहे. आमच्या घरातही त्यांचंच राज्य. माझा लेख समोर ठेवला की हिला चष्मा सापडत नाही. जवाईबापूंचं काही आलं की बिनचष्म्याने, मोठ्याने वाचते. माझा किती जळफळाट होई, काय सांगू!

गेल्या हिवाळ्यात त्यांनी हिवरा आश्रमाच्या वाटेवरल्या एका खानावळीची तारीफ केली. टिनाचं शेड, चार टेबलं, सगळं एकटी बाई बघते. आठवडाभरात तिथे बसायला जागा मिळेना. मी गुपचूप जाऊन जेवून आलो. जेवण उत्तम होतं, आणि तेच मला झोंबलं. घरी येऊन 'एक चोखंदळ खवय्या' या नावाने मी मोबाइलवर त्या खानावळीला पाचांपैकी एकच तारा दिला आणि लिहिलं : 'वांग्याच्या भाजीत लवणाचा अतिरेक. स्वच्छतेविषयीची अनास्था प्रकर्षाने जाणवली.' आयुष्यात पहिल्यांदा माझं लिखाण लोकांनी वाचलं. कित्येकांना ते 'उपयुक्त' वाटलं. मी दिवसभर मोबाइल उघडून बघत होतो.

आठेक दिवसांनी साडू आले. ही चहा ठेवायला आत गेल्यावर हळूच म्हणाले, "भाऊ, त्या बाईची दोन दिस भाजी फेकाले गेली. गिऱ्हाईकच नाई."

"असं?"

"'लवणाचा अतिरेक' लिवनारा जिल्ह्यात एकच मानूस हाये." मी मान खाली घातली. त्यांनी अगदी काळजीने विचारलं, "खरंच मीठ जास्त होतं का हो?"

"नाही."

"मंग काऊन लिवलं?"

 मी म्हणालो, "तुमचं लोक वाचतात."

ते रागावतील असं वाटलं होतं.  पण ते म्हणाले, "मले तुमच्यावानी लिवता आलं असतं, तं मी भाजीवर कायले लिवलं असतं?"

त्यांच्यासमोरच मी ते लिखाण काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिकडे गेलो आणि मी त्या बाईंना खरं काय ते सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. पदराला हात पुसत एवढंच म्हणाल्या, "गुरुजी, चार दिस मी भाजी चाखून राह्यली. मले मीठ बरोबर लागे. वाटलं, आपलीच जीभ गेली."

आता गिऱ्हाईक पुन्हा येतं. मीही अधूनमधून जातो. बाई सगळ्यांना वाढून लगबगीने चुलीकडे वळतात. माझ्या ताटात भाजी वाढली, की मात्र मी पहिला घास गिळेपर्यंत तिथेच उभ्या राहतात.