पुंगळीवरचे कुंकू

ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेली नाही. ऑकलंडच्या अवोन्डेल भागातले एक बैठे घर, मागच्या दाराशी पडलेली मेथीची जुडी, आणि तिच्यापलीकडे चादरीखाली झाकलेला एक म्हातारा माणूस. दिवाळी होऊन गेली होती, पण पुढच्या दारावरचा आकाशकंदील कुणी उतरवला नव्हता.

मी तेव्हा इथल्या पोलिसांत डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. निवृत्त होऊन काही वर्षे झाली. ही हकीकत लिहावी असे कधी वाटले नव्हते. माझी पत्नी असेपर्यंत कामातल्या गोष्टी घरात बोलायच्या नाहीत असा आमचा नियम होता. यंदाच्या हिवाळ्यात ती गेली. आता बोलायला कुणी नाही, म्हणून सावकाश लिहितो आहे. नावे कुणाचीच घेणार नाही.

गेलेले गृहस्थ पुण्याचे, शाळेतून निवृत्त झालेले. पत्नीसह मुलाकडे राहायला आले होते. मुलगा चाळिशीचा, इंजिनिअर. लिफ्ट सुरक्षित आहेत की नाहीत हे तपासण्याचे त्याचे काम. सून हॉस्पिटलात नर्स. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी, जिला मराठी सगळे कळायचे पण उत्तर इंग्रजीतच यायचे.

रविवार होता. अवोन्डेलला रविवारी मोठा बाजार भरतो, आणि म्हातारबुवांना तिथली ताजी भाजी आवडायची. उजाडता उजाडता ते चालत गेले, मेथी घेऊन परतले आणि मागच्या दाराशी छातीत गोळी लागून पडले. सून रात्रपाळीवर होती, आजी आंघोळीला गेल्या होत्या, नात झोपेत होती. मुलाने जबाब दिला की आवाज ऐकून तो धावला, तेव्हा तोंड झाकलेला एक माणूस कुंपणावरून उडी मारून पळताना दिसला. त्या घरात काही महिन्यांपूर्वी चोरी झाली होती, सुनेचे दागिने गेले होते. त्यामुळे ही गोष्ट कुणालाही खरी वाटावी अशीच होती.

आपल्याकडे ज्याला पंचनामा म्हणतात ते काम इथे पांढरे कपडे घातलेली तज्ज्ञ मंडळी करतात. त्यांना मागच्या दाराच्या आतल्या बाजूला, वॉशिंग मशीनशेजारच्या चपलांच्या ढिगात, एका जँडलमध्ये, म्हणजे रबरी सपातेत, पिस्तुलाच्या गोळीची रिकामी पुंगळी सापडली. गोळी झाडली की ती पिस्तुलातून बाहेर उडते. ती घराच्या आत कशी, हा प्रश्न मी विचारला. मारेकरी दोन पावले आत आला असेल, असे उत्तर मिळाले. तेही अशक्य नव्हते. पिस्तूल मिळाले नाही.

दुसऱ्या दिवशी एक माणूस ताब्यात आला. पंचेचाळिशीचा, घरफोडीच्या जुन्या शिक्षा भोगलेला. बाजारात पाने, ड्रिल अशी जुनी हत्यारे विकायचा. शेजारच्या बाईंनी त्याची व्हॅन त्या रस्त्यावर पाहिली होती, आणि व्हॅनमध्ये तोंड झाकायची काळी लोकरी टोपी निघाली. दुसऱ्या एका प्रकरणातल्या जामिनाच्या अटी मोडल्याबद्दल त्याला आत ठेवले गेले. चौकशीला मी होतो.

"त्या रस्त्यानं का गेलास?"

"मार्केटला जायला तोच रस्ता आहे."

"व्हॅनमधली हत्यारं कुठून आणलीस?"

तो खुर्चीत मागे रेलला. "तुम्हाला कुणीतरी हवाय ना? मी बसलोच आहे समोर. घ्या लिहून."

चोर ओळखायला फार हुशारी लागत नाही. तो हत्यारांचा प्रश्न आला की डोळे फिरवायचा, आणि म्हाताऱ्याचा प्रश्न आला की सरळ माझ्याकडे बघायचा. मी हे आमच्या इन्स्पेक्टर बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "तुझं निरीक्षण कोर्टात चालत नाही. व्हॅन चालते, टोपी चालते." वर्तमानपत्रे रोज विचारत होती. आठवडा उलटला की त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवायचा असे जवळपास ठरले होते. एवढी जुनी यादी मागे असलेल्या माणसाचे पुढे काय झाले असते, ते मला दिसत होते.

त्याच आठवड्यात मला एक फोन आला. पिस्तूल क्लबातले एक वयस्क स्वयंसेवक होते. "बातमी म्हणून सांगत नाही," ते म्हणाले, "पण मनातून जात नाही. पेपरमधलं आडनाव ओळखीचं वाटलं."

त्यांच्याकडे त्या आडनावाचा एक इंजिनिअर येऊन गेला होता. संकटकाळासाठी घरात पिस्तूल ठेवायचे आहे, सगळ्यांत भरवशाचे कोणते, असे त्याने विचारले. भूकंप, पूर, चोर, काहीही येऊ शकते. वर्षभर बॅगेत पडून राहिले तरी ऐन वेळी अडकणार नाही असे हवे. त्या गृहस्थांनी त्याला समजावले की स्वतःचे रक्षण हे या देशात बंदूक बाळगण्याचे कारण मानले जात नाही. क्लबाचे पिस्तूल तिजोरीत राहते आणि नेमबाजीच्या मैदानाखेरीज कुठे नेता येत नाही. तो दोन-तीनदा आला, नम्रपणे प्रश्न विचारत राहिला, आणि मग यायचा बंद झाला.

"तो माणूस वाईट नव्हता," ते म्हणाले. "फक्त घाबरलेला होता. मला वाईटांपेक्षा त्यांचीच जास्त काळजी वाटते."

ही तेवढ्यावर पुरावा होणारी गोष्ट नव्हती. पिस्तुलाची चौकशी करणे हा गुन्हा नाही. पण मुलाने जबाबात याचा उल्लेख केला नव्हता.

मराठी येत असल्यामुळे मृताच्या पत्नीशी बोलायचे काम माझ्याकडे होते. शवविच्छेदनानंतर परत मिळालेल्या वस्तू घेऊन मी त्या घरी गेलो. घड्याळ, चष्मा, पाकीट. आजींनी एकेक वस्तू पदराने पुसून टेबलावर ठेवली. नात दारात उभी होती. आजी तिला म्हणाल्या, "दोन घास खा गं." ती म्हणाली, "आय'म नॉट हंग्री, आजी," आणि तिथेच उभी राहिली.

"आणि टोपी?" आजींनी मला विचारले.

"कुठली टोपी, काकू?"

"माकडटोपी. चॉकलेटी. मीच विणलेली. कानाला वारा लागला की ह्यांचं डोकं धरायचं, त्यामुळे टोपीशिवाय पाऊल बाहेर टाकायचे नाहीत. ही चिडवायची त्यांना. काय म्हणायचीस गं?"

मुलगी खाली बघून म्हणाली, "यू लुक लाइक अ रॉबर, आबा."

वस्तूंच्या यादीत टोपी नव्हती. मी ती तीनदा वाचली.

दोन दिवसांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. पुंगळीच्या बुडाशी एक लाल डाग होता. रक्त नव्हते. हळद आणि चुना होता. इन्स्पेक्टर बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. "तुम्हा लोकांच्या घरात जमिनीवर काहीही पडलं तरी त्याला करी लागणारच," त्या हसून म्हणाल्या. मनाने त्या चांगल्या होत्या, पण अशी थट्टा करायच्या.

"हे जेवणातलं नाही," मी म्हणालो. "चुना घातलेली हळद लाल होते. त्याला कुंकू म्हणतात. आणि हे सांडलेलं नाही, बोटानं लावलंय."

"गोळीला? कशासाठी?"

मी त्यांना खंडेनवमी समजावून सांगितली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा करतो. आता घरात शस्त्रे नसतात, म्हणून सुरी, पाना, मिक्सर, लॅपटॉप, गाडीची किल्ली मांडतो आणि प्रत्येकाला हळदकुंकू लावतो. बाहेरून आलेल्या चोराच्या गोळीला कुंकू असणार नाही. ही गोळी खंडेनवमीला कुणाच्या तरी पाटावर होती.

त्यांनी कागद पुन्हा आपल्याकडे ओढून वाचला. मग म्हणाल्या, "जा."

आजी स्वयंपाकघरात एकट्या होत्या. मुलगा मागच्या अंगणात पाठमोरा उभा होता, खिडकीतून दिसत होता. मी आधीच सांगितले, "काकू, आज मी पोलीस म्हणून आलोय. तुम्ही जे सांगाल ते मला लिहून घ्यावं लागेल. नाही बोललात तरी कुणी तुमच्यावर जबरदस्ती करणार नाही."

त्यांनी गॅस बंद केला. "तो जो धरलाय, त्याचं काय होणार?"

"खुनाचा आरोप लागेल बहुतेक."

"आणि त्यानं केलं नसेल तर?"

"तर खरं कुणाला तरी ठाऊक असेल."

बराच वेळ त्या ओट्याकडे बघत राहिल्या. मी घाई केली नाही. एवढ्या वर्षांत एक शिकलो होतो: बोलायचे की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला प्रश्न विचारला, तर तो त्या प्रश्नाच्या आडोशाला जातो.

"खंडेनवमीला ह्यांनी मांडामांड केली," त्या शेवटी म्हणाल्या. "सुरी, ड्रिल, लॅपटॉप. आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, तुझ्या मुलानं घराच्या रक्षणासाठी आणलंय, तू बघू नकोस. मी कुंकवाचा करंडा दिला आणि नैवेद्याला लागले." त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिले. "मला त्या रविवारपासूनच कळलंय, साहेब. आंघोळीतून ओरडा ऐकला मी. गोळीच्या आवाजानंतर. माझा मुलगा 'बाबा' म्हणून ओरडला. चोर बघितल्यावर कुणी 'बाबा' म्हणतं का?"

मुलाला त्याच संध्याकाळी ठाण्यात आणले. गप्प राहण्याचा आणि वकील घेण्याचा हक्क त्याला समजावून दिला, रेकॉर्डिंग सुरू केले. वकील नको म्हणाला. माझ्याशेजारी इन्स्पेक्टर बाई होत्या. सुरुवात इंग्रजीत झाली. त्याने आधीचाच जबाब शब्दशः सांगितला. खरे सांगणाऱ्या माणसाचे शब्द दर वेळी थोडे बदलतात. याचा एकही बदलला नाही.

मी पुंगळीचा मोठा केलेला फोटो त्याच्यापुढे ठेवला. 

"लॅबनं हळद आणि चुना सांगितलाय," मी म्हणालो.

त्याने हात टेबलाखाली नेले. मग मराठीत बोलला. "बाबांनी लावलं. मी नको म्हणत होतो. पिस्तूल मी नंतर पुसलं, सर. गोळ्या नाही पुसल्या. पूजेचं कुंकू कसं पुसायचं?"

जबाब आता मराठीत आहे, असे मी रेकॉर्डिंगसाठी सांगितले, आणि तो बोलत राहिला.

चोरीनंतर त्याला झोप लागत नव्हती. सरकारी सल्ल्याप्रमाणे त्याने पाणी, डबे, टॉर्च, रेडिओ साठवले. तरी झोप येईना. मग त्याने पिस्तुलांचा अभ्यास सुरू केला, आपल्या कामात करतो तसाच: कोणते कशाने अडकते, कोणते कधीच अडकत नाही. कायद्याने मिळत नाही म्हटल्यावर ओळखीच्या ओळखीतून घेतले. त्या रात्रीपासून शांत झोपलो, असे तो म्हणाला.

"रविवारी मागच्या दाराशी खुडबुड ऐकू आली. पुढच्या दाराला आतून साखळी होती, ती मीच लावली होती. बाबा मागच्या दारानं बाहेर गेलेत हे मला माहीतच नव्हतं. दार उघडलं, आणि समोर तोंड झाकलेला माणूस. हातात पिशवी. त्यानं हात वर केला."

"मग?"

"पिस्तूल अडकलं नाही, सर."

इन्स्पेक्टर बाईंना मराठी येत नव्हते, पण त्यांनी लिहायचे थांबवले होते.

"टोपी वर केली तेव्हा कळलं. ते बघत होते माझ्याकडे. मला वाटतं, हात त्यांनी टोपी काढायलाच वर केला होता."

पिस्तूल आणि टोपी त्याने घरामागच्या खाडीत, खारफुटीत फेकली होती. आमच्या पाणबुड्यांनी ती दुसऱ्या दिवशी काढली. पिस्तूल खरोखर उत्तम होते. चिखलात पडूनही ते काम करत होते.

हत्यारे विकणाऱ्याची खुनातून सुटका झाली. चोरीच्या मालाचे प्रकरण राहिले. मी त्याला सांगायला गेलो तेव्हा म्हणाला, "कुणी बोललं?" मी म्हणालो, "त्याच्या आईनं." त्याने त्यावर काही टोमणा मारला नाही. मुलाला सदोष मनुष्यवधासाठी आणि बेकायदा पिस्तुलासाठी शिक्षा झाली. आजी पुण्याला परत गेल्या नाहीत. सून आणि नात इथे होत्या, आणि तुरुंगातल्या भेटीचा दिवस त्यांनी कधी चुकवला नाही असे सून मला म्हणाली. नवरा गेला तेव्हा त्यांना आधार द्यायला सगळा मराठी समाज आला होता. मुलाचे खरे कळल्यावर तेवढे लोक आले नाहीत. दुःखातही लोकांना सोपे दुःख आवडते, हे मी तेव्हा पाहिले आणि यंदा पत्नी गेल्यावर स्वतःच्या घरी पुन्हा आठवले.

या प्रकरणाने मला काय शिकवले असे कुणी विचारले, तर भीती वाईट असते एवढे सांगून मी थांबणार नाही. भीतीनेच आपण दारे लावतो, पाणी साठवतो. ते योग्यच आहे. पण त्या मुलाने घरातली प्रत्येक वस्तू तपासली होती, आणि अर्धवट झोपेतून उठलेला घाबरलेला माणूस कसा वागतो हे तेवढे तपासायचे राहिले. ते तपासता येतही नाही. लिफ्टला ब्रेक लावतात. गोळी सुटल्यानंतर लावायचा ब्रेक कुणी केलेला नाही.

खटला संपल्यावर काही महिन्यांनी मी ऑकलंडच्याच सँडरिंगहॅम भागात एका मिठाईच्या दुकानात रांगेत उभा होतो. ओळखीचे एक मराठी गृहस्थ भेटले. आयटीतले, सुशिक्षित. प्रकरण त्यांना पूर्ण ठाऊक होते. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी मला जरा बाजूला घेतले.

"सर, आपल्यातच राहू दे," ते म्हणाले. "त्यानं मूर्खपणा केला. लाइट लावून बघायला हवं होतं. आपण तसं करणार नाही. पण समजा, घरात एखादं ठेवायचंच झालं, तर भरवशाचं कोणतं?"

कायदा त्यांना माहीत होता, म्हणून मी तो सांगितला नाही.

"तुमच्या घरी पहाटे सगळ्यांत आधी कोण उठतं?" मी विचारले.

त्यांना प्रश्न कळला नाही. तरी त्यांनी उत्तर दिले.

"आई."