कंडक्टरची हाक

बेळगावहून निपाणीला परतायच्या बसमध्ये ती रोज माझ्या पुढच्या सीटवर असायची. साधी साडी, मांडीवर डबा आणि हातात फोन. हत्तरगी आली की फोन वाजायचा, संकेश्वर आलं की पुन्हा. ती "व्हय, आले" म्हणायची आणि फोन दाराच्या दिशेने उंच धरायची. कंडक्टर "संकेश्वर, इळीरी" असं कानडीत 'उतरा' म्हणून ओरडला की फोन परत कानाला.

मला तिचा हेवा वाटायचा. खरं तर रागच यायचा. हिच्या नवऱ्याला हिच्या गाडीचा आवाजसुद्धा ऐकायचा असतो, आणि माझ्या नवऱ्याला मी अजून आले नाही हे ताटात भाकरी दिसली नाही की कळतं. त्या दोघांची संध्याकाळ मी मनातल्या मनात रंगवत बसायची. ती पोचल्यावर चहा तोच टाकत असणार, हेही मी ठरवून टाकलं होतं.

एकदा तिच्या शेजारी जागा मिळाली. मी जरा खोचकच बोलले, "लई काळजी दिसते घरच्यांना."

तिने फोन मांडीवर उलटा ठेवला.

"काळजी न्हवं ओ आक्का. मी खरंच गाडीत हाय का, ते बघत्यात. कंडक्टरची हाक ऐकू आली न्हाय, तर घरात घेत न्हाईत."

निपाणी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी हत्तरगीला तिचा फोन वाजला. तिचाच वाजतोय हे कळत होतं, तरी मी आधी पर्समधून माझा काढून बघितला.