शबानाची गेडी

चामोर्शीच्या बाजारात ओल्या बांबूचा वास आला की आजही माझं डोकं तापतं.

चालताना शबानाचा तोल जायचा, म्हणून गुरुजींनी माझ्या पोरीला कवायतीतून काढलं. "भाऊ, रांग बिघडवते ती." पोळ्याला आमच्याकडची पोरं चिखलात गेडीवर, बांबूच्या काठ्यांवर चढून चालतात. मी तिच्या गेडीचा पाय ठेवायचा तुकडा जमिनीलगत बांधला आणि तोल सावरला की बोटभर वर सरकवत गेलो. पोळ्याला ती गुरुजींच्या दारापुढून चालली. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या ठेवा घरी! तिले रांगेत घेता का नाई?"

"घेतो ना, भाऊ."

ते 'घेतो ना' मला अजून भिकेसारखं टोचतं. शबाना वरूनच म्हणाली, "मले नाई यायचं, अब्बा. तिथं खाली उभं राहा लागते."