उजव्या चपलेचा तळ

चपला घ्यायच्या म्हणजे दुकानात जायचं, पायात घालून दोन पावलं चालून बघायचं, घासाघीस करायची आणि घरी यायचं. ताईच्या चपला अशा आल्या नाहीत. त्यासाठी बाबा तिला रिक्षाने इतवारीत चपला शिवणाऱ्या कारागिराकडे घेऊन गेले. मलाही सोबत नेलं, म्हणजे कुणी ओळखीचं भेटलंच तर पोरींना खरेदीला आणलंय असं वाटावं. कारागिराने कागदावर तिची दोन्ही पावलं आखून घेतली. मग बाबा त्याच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटले. कुजबुजण्यासारखं त्यात काय होतं कोण जाणे, ताई तर समोरच बसली होती.

ताईचा उजवा पाय डाव्यापेक्षा बोटभर आखूड होता. लहानपणी आलेल्या तापाने तसा राहिला. आमच्या गल्लीत ते सगळ्यांना ठाऊक होतं. कामठीहून जे तिला बघायला येणार होते, त्यांना मात्र ठाऊक नव्हतं, कारण बाबांनी मध्यस्थाला ते सांगूच दिलं नव्हतं. याआधीचे पाहुणे ‘जरा चालून दाखव बेटा’ म्हणायचे आणि ती चालली की चहा अर्धा टाकून उठायचे. हे स्थळ हातचं गेलं तर पोरगी घरातच राहील, असं बाबांनी मनाशी घेतलं होतं. म्हणून यावेळी मुलगी घरात दाखवायचीच नाही असं ठरलं. घरात माणूस अनवाणी असतो. त्यापेक्षा तेलंगखेडीची बाग बरी. संध्याकाळची वेळ, मोकळी हवा, आणि सगळ्यांच्या पायात चपला.

चपला झाल्या चांगल्या, हे मला कबूल करावंच लागेल. अंगठ्याच्या, जाड म्हशीच्या चामड्याच्या, दहा वर्षं हलायच्या नाहीत अशा. वरून दोन्ही सारख्या. उजव्या चपलेच्या तळाला तेवढे चामड्याचे जास्तीचे थर होते, आणि कडेने रंग दिल्यामुळे ते एकसंध दिसत होते. वरून लुगड्याच्या निऱ्या आल्या की संपलं. पण कोरं चामडं लाकडासारखं टणक होतं. त्याला एरंडेल चोळायचं, सावलीत ठेवायचं, उन्हाला आणि पाण्याला दूर ठेवायचं, असं कारागिराने बजावलं होतं. एरंडेल आमच्या पोटात जायचं तेच. आई ते वाटीत कोमट करायची आणि बाबा चिंधीने चोळत बसायचे. स्वतःच्या चपलेला ज्यांनी कधी पॉलिश लावलं नव्हतं, ते बाबा!

आणि मग चालणं. बाबा ऑफिसातून आले की अंगणात ताईची परेड सुरू व्हायची. आई दार लावून घ्यायची. डावी चप्पल मुकाट होती, पण उजवी दर पावलाला करकर वाजायची.

“ऐकू येऊन राहिलं ना,” आई म्हणायची. “एकच पाय वाजते. त्यांच्या ध्यानात येईन.”

“अजून तेल लाव,” बाबा म्हणायचे. “आन् तू खाली पाहू नको वं. सरळ चाल. पुन्हा.”

ताईच्या अंगठ्याजवळ फोड आला, तो फुटला. आईने त्यावर हळद दाबली आणि पुन्हा चालणं सुरू झालं. ताई काही बोलायची नाही. मला मात्र राग यायचा, बाबांचा, आईचा, आणि गप्प राहणाऱ्या ताईचाही. हळूहळू करकर थांबली. ताई अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि तिची कंबर झुकली नाही. आईने डोळ्यांना पदर लावला. ताईला असं चालताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

बागेत सगळं ठरल्यासारखं झालं. मुलाची आई ठेंगणी, बोलघेवडी बाई होती. मुलगा मान खाली घालून चालत होता. फुलांच्या वाफ्यांभोवती आम्ही सावकाश फेरी मारली. ताई मुलाच्या आईच्या बरोबरीने चालत होती आणि मी मागून तिच्या टाचांकडे बघत होते. बाबा ऑफिसातले किस्से सांगत होते, ते कधी सांगायचे नाहीत इतक्या मोठ्याने. फेरी संपली तेव्हा ती बाई खुशीत दिसली. तिने ताईचा हात धरला.

“चला, इथवर आलोच हाओत तर महादेवाले हात जोडून येऊ. शुभ काम आहे.”

बागेजवळ देऊळ आहे हे आम्हाला काय ठाऊक नव्हतं? वर्षातून चारदा आम्ही तिथे जायचो. शुभ काम म्हटलं की माणसं देवाच्या पायाशी जाणारच, हेही ठाऊक होतं. पण इतके दिवस घरभर फक्त चपला, चपला आणि चपला. त्या कुठे काढाव्या लागतील हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

बाबांचा चेहरा उतरला. “देऊळ बंद असंन आता,” ते म्हणाले, आणि तेवढ्यात आत कुणीतरी घंटा वाजवली.

“मंग पोरीले इथंच बसू द्या,” बाबा म्हणाले. “ नव्या चपला हाएत, चोरीले जातात इथं.”

“घ्या! चपलांपायी पोरीले देवाच्या दारात बाहेर बसवता?” बाई हसली. “धाकटी बसन की.”

मी बसले. दुसरं काय करणार? सगळ्यांनी चपला काढल्या. ताई तशीच उभी होती. तिने एकदा बाबांकडे पाहिलं, बाबा दुसरीकडे बघत होते. मग तिने आधी डावी काढली, मग उजवी, आणि चालू लागली. दारापर्यंतचं फरशीचं अंगण ते केवढंसं, पण ताईने ते लपवाछपवी न करता, घाई न करता, जशी ती रोज चालायची तशी चालून ओलांडलं. ती बाई मागे थांबून बघत राहिली. तिचं हसू गेलेलं मला बाहेरूनही दिसलं.

दर्शन लवकर उरकलं. बाहेर आल्यावर बाईने पायात चपला सरकवल्या, माझ्यापुढच्या जोडाकडे एक नजर टाकली आणि बाबांना म्हणाली, “कळवतो.” मुलाने मान वर केलीच नाही.

घरी आल्याआल्या बाबांचा तोल सुटला. देवळाला, त्या बाईला, मध्यस्थाला, सगळ्यांना बोलून झालं आणि त्यांनी दारातली उजवी चप्पल उचलली.

“उद्याच नेऊन हा थर काढून आणतो. काय उपयोग झाला याचा?”

“राहू द्या,” ताई म्हणाली.

“काहून?”

“ह्या घातल्या तवापासून माही कंबर दुखली नाही.”

बाबा चप्पल हातात धरून उभे राहिले. आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती, ती तिथेच थांबली.

“मले वाटे, कंबर सगळ्यांचीच दुखत असंन,” ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “लहानपणापासून तुमच्यापुढंच चालून राहिली ना मी, बाबा? लोकं पाहाले येनार म्हनून केल्या तुमी ह्या. माह्या पायासाठी एकदाही नाही सुचलं तुमाले?”

बाबा हळूच खाली बसले, चप्पल मांडीवर घेतली आणि तळावरची देवळासमोरची माती अंगठ्याने खरवडत राहिले.