बाबांचं खरं वय आणि हान मॅडम

आमच्या बाबांचं खरं वय शोधून काढण्यासाठी आम्हांला कोरियन भाषेच्या प्राध्यापिकेला जेवायला बोलवावं लागलं.

मी विद्यापीठात कोरियन भाषा, साहित्य आणि संस्कृती शिकत होते. आमच्या खानदानात पदवीच्या वर्गात बसलेली मी पहिलीच. शाळा गावाकडं, जालन्याच्या बाजूला झाली. मग बाबांच्या मागोमाग कोपरखैरण्याला आलो. (बाबा रबाळ्याच्या एका कारखान्यात फिटर.) आम्हांला हान मॅडम शिकवायच्या. जुनी कोरियन कविता समजावताना त्यांचे डोळे भरून यायचे आणि अर्थ कळायच्या आधीच आमचेही! माझ्यासारख्या, इंग्रजी बोलताना घाम फुटणाऱ्या मुलीला त्यांनी कधी मागच्या बाकावर बसू दिलं नाही. एका सत्रासाठी मला सोलच्या विद्यापीठात पाठवायचं, हेही त्यांनीच ठरवलं.

सगळे तयार होते. फक्त बाबा सोडून.

"तिथं आपलं कोण हाय?"

"हॉस्टेल आहे ना, बाबा."

"तुला ताप आला तर हॉस्टेल पेज करून घालणार हाय का?"

हे मी मॅडमच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "मी घरी येते. वडिलांशी मीच बोलते."

झालं! मी घरच्यांची शिकवणी घेतली. "कोरियात सगळ्यात मोठं माणूस जेवायला सुरुवात करत नाही, तोवर कुणी अन्नाला हात लावत नाही. एवढं पाळा. नाहीतर माझं सोल गेलं!" आईनं मान डोलावली. बाबांनीही. संस्कृतीची विद्यार्थिनी म्हणून मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

रविवारी दुपारी मॅडम आल्या. दारातच कमरेतून वाकल्या. बाबांनी घाईघाईनं नमस्कार केला. दोघांच्या मध्ये दुभाषी मी. चटईवर पंगत बसली. कोंबडीचा रस्सा, ज्वारीच्या गरम भाकऱ्या, ठेचा. आणि कुणाचाच हात पुढं येईना!

"घ्या ना, मॅडम," बाबा म्हणाले.

मॅडमनी दोन्ही हात बाबांकडं केले. आधी तुम्ही.

"पाहुण्याच्या आधी मी कसा खाऊ?" बाबा माझ्या कानात कुजबुजले.

"मोठ्यानं आधी खायचं, बाबा!"

"मंग मोठं कोण? त्या का मी?"

या मुद्द्याची तयारी मी केलीच नव्हती.

"विचार की त्यांना," आई म्हणाली.

"आई! बाईमाणसाला वय विचारायचं?"

पण 'वय' हा शब्द कळला आणि मॅडमचा चेहरा एकदम खुलला. त्यांच्याकडं ओळख झाल्याबरोबर वयच विचारतात. त्याशिवाय कुणाशी किती अदबीनं बोलायचं, तेच ठरत नाही. (हा धडा मी पहिल्याच वर्षी शिकले होते. परीक्षेत लिहिलाही होता!) त्यांनी आपलं वय सांगितलं. बाबांनी आपलं सांगितलं. मी हिशेब केला. बाबा मोठे. सुटले सगळे! बाबांनी भाकरीला हात घातला.

"खोटं वय सांगून जेवू नका," आई म्हणाली.

बाबांचा हात जागच्या जागी थांबला. "तसं ते कागदावरचं हाय," ते ओशाळून म्हणाले. "मास्तरांनी शाळेत घेताना वाढवून लावलं. आमच्या अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एक जून."

हे भाषांतर करताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता मॅडम काय म्हणतील? मॅडमनी शांतपणे चमचा खाली ठेवला.

"मग माझंही कागदावरचंच आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या गावात मूल जगतं की नाही ते बघायचे. मगच नाव नोंदवायचे. माझं दोन वर्षांनी नोंदवलं."

मी ते मराठीत सांगितलं. बाबांनी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. "आमच्याकडंबी तसंच होतं," ते हळूच म्हणाले. बाबांनी एवढ्या मायेनं कुठल्या प्राध्यापकाकडं बघितलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

पण भाकऱ्या थंड होत होत्या! आईनं रस्सा पुन्हा गॅसवर ठेवला आणि बाबांनी गावाकडं थोरल्या बहिणीला फोन लावला. स्पीकरवर.

"अक्का, माझं वय किती?"

"काय झालं रं? दवाखान्यात हायस का?"

"नाही गं, जेवायला बसलोय."

"मंग जेव की! जेवायला वय कशाला लागतंय?"

कोरियन संस्कृतीचा एवढा सोपा प्रतिवाद मी कुठल्याही ग्रंथात वाचला नव्हता. बाबांनी खूपच गळ घातली, तेव्हा अक्का म्हणाली, "बहात्तरचा दुष्काळ सरला, पहिली ज्वारी घरात आली, तवा झालास तू. माय म्हणायची, पोरगं भाकरी घेऊन आलं."

मला शेकडो वर्षांपूर्वीच्या कोरियन कविता पाठ होत्या. ज्वारीला काय म्हणतात ते माहीत नव्हतं! शेवटी ताटातली भाकरीच उचलून दाखवली आणि साल सांगितलं, त्र्याहत्तर. मॅडमनी बोटांवर हिशेब केला. त्यांच्याकडं प्रत्येक सालाला एका प्राण्याचं नाव असतं.

"माझं उंदराचं साल," त्या म्हणाल्या. "आणि यांचं पुढचं. बैलाचं!"

मी भाषांतर केलं.

"ते मला लग्नापासून माहीत हाय," आई म्हणाली.

म्हणजे मॅडम मोठ्या. बाबा चटकन उठून उभे राहिले. "मंग ताई झाल्या की आमच्या! ताई, घ्या आता."

ताईंनी पहिला घास घेतला. ठेच्यासकट! डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरा घेतला. मग पाण्याचा अख्खा तांब्या पिऊन, विद्यापीठात ऐकून ऐकून शिकलेल्या मराठीत त्या थेट बाबांशी बोलल्या. "भाऊ, माझं माहेर आता सोलला. आई आहे, बहीण आहे. ही आजारी पडली, तर त्या पेज करणार. पोरीला पाठवा."

बाबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "ताईनं सांगितल्यावर मी कोण नाही म्हणणारा? पाठवतो."

मला रडू आवरेना. मी वाकून बाबांच्या पाया पडले, मॅडमच्या पडले. तेवढ्यात मॅडमनी कोरियन पद्धतीचा पुढचा नियम सांगितला: जेवणानंतरची आवराआवर सगळ्यात लहान माणसानं करायची. थोरली भावंडं चटईवर गप्पा मारत बसली, आई पंख्याखाली आडवी झाली आणि मी, खानदानातली पहिली विद्वान, मोरीत खरकटी भांडी घासायला बसले. कारण घरात सगळ्यात लहान कोण, हे ठरवायला अक्काला फोन करायची कुणालाच गरज वाटली नाही!